ग्लायडर व स्कायडायव्हिंग यांचे सामायिक विमानतळ

ज्या विमानतळावर इंजिनविरहित ग्लायडरची उड्डाणे आणि विमानातून हवाई छत्रीसह उडी मारण्याचा खेळ, म्हणजेच स्कायडायव्हिंग, हे दोन्ही एकाच धावपट्टीच्या परिसरात व बरेचदा एकाच दिवशी चालतात, त्यास ग्लायडर व स्कायडायव्हिंग यांचे सामायिक विमानतळ म्हणतात. असे विमानतळ प्रामुख्याने युरोप व उत्तर अमेरिकेत आढळतात. इंग्लंडमधील वेस्टन-ऑन-द-ग्रीन, फ्रान्समधील गॅप-तालार आणि अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील बायरन ही त्यांची परिचित उदाहरणे होत. यांपैकी बहुतेक ठिकाणी नियंत्रण मनोरा नसतो. त्यामुळे वाहतुकीची शिस्त ही मुख्यतः विमानतळ वापरणाऱ्या गटांनी आपसांत ठरवलेल्या कार्यपद्धतीवर अवलंबून असते.

वरवर पाहता हे दोन खेळ एकमेकांपासून फार वेगळे आहेत. ग्लायडरचा वैमानिक शक्य तितका वेळ हवेत राहू पाहतो, तर स्कायडायव्हर काही मिनिटांत जमिनीवर असतो. तथापि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांच्यातील एक साम्य महत्त्वाचे ठरते. उतरण्यास सुरुवात केलेला ग्लायडर इंजिनाच्या जोरावर पुन्हा वर जाऊ शकत नाही आणि विमानाबाहेर पडलेला स्कायडायव्हरही परत फिरू शकत नाही. दोघांनाही खालीच यायचे असते आणि थांबण्याची सोय दोघांकडेही नसते. म्हणून टक्कर टाळण्याचा निर्णय उडीच्या विमानाचे दार उघडण्यापूर्वी, किंवा ग्लायडर जमिनीवरून उचलला जाण्यापूर्वी, घ्यावा लागतो. सामायिक विमानतळांवरील जवळपास सर्व नियम या एका गोष्टीतून निर्माण झाले आहेत.

पार्श्वभूमी

हवाई छत्रीचा इतिहास ग्लायडिंगच्या खेळापेक्षा जुना आहे. आंद्रे-झाक गार्नेरँ यांनी २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे फुग्यातून छत्रीच्या साहाय्याने उतरून दाखवले. विमानातून उडी मारून, काही काळ मुक्तपणे खाली पडल्यानंतर स्वतःच्या हाताने छत्री उघडण्याचा प्रयोग लेस्ली अर्विन यांनी २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत यशस्वी केला. पुढच्याच वर्षी जर्मनीतील वासरकुप्पे या डोंगरावर ग्लायडरची पहिली स्पर्धा भरली. दोन्ही खेळांचा नागरी प्रसार मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर वेगाने झाला. युद्धकाळात बांधलेल्या आणि नंतर ओस पडलेल्या धावपट्ट्या, त्यांभोवतीची गवताळ मोकळी जमीन आणि मोठ्या शहरांपासूनचे अंतर या तिन्ही गोष्टी दोघांनाही हव्या होत्या.

सामायिक वापरामागे आर्थिक कारणही असते. छोट्या विमानतळाचे उत्पन्न इंधनविक्री आणि हँगरचे भाडे यांवर चालते. उडीचे विमान दिवसभर चढ-उतर करत असल्याने ते भरपूर इंधन घेते, तर ग्लायडर क्लब वर्षानुवर्षे जागा भाड्याने घेऊन राहतो. यांपैकी एका गटाला काढून टाकणे विमानतळाला सहसा परवडत नाही. अमेरिकेत तर ज्या विमानतळाने संघराज्य सरकारचे अनुदान घेतले आहे, त्याला सर्व प्रकारच्या हवाई उपक्रमांना वाजवी अटींवर व भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो आणि स्कायडायव्हिंगची गणना अशा उपक्रमांत होते. त्यामुळे एखाद्या गटाला नकार द्यायचा असेल तर सुरक्षिततेचे ठोस कारण दाखवावे लागते. ‘धोका आहे’ हे वाक्य काही वेळा गैरसोयीच्या शेजाऱ्याला दूर ठेवण्यासाठीही वापरले जाते. म्हणून धोका नेमका कोठे आहे याची तांत्रिक छाननी येथे विशेष महत्त्वाची ठरते.

दोन उड्डाणपद्धती

ग्लायडर हवेत नेण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत इंजिन असलेले विमान सुमारे ६० मीटर लांबीच्या दोराने ग्लायडरला ओढत वर नेते आणि साधारणपणे २,००० ते ३,००० फूट उंचीवर ग्लायडरचा वैमानिक दोर सोडतो. दुसऱ्या पद्धतीत मैदानाच्या टोकाला बसवलेले विंच हे यंत्र एक किलोमीटर किंवा त्याहून लांब तार वेगाने गुंडाळते आणि दुसऱ्या टोकाला जोडलेला ग्लायडर पतंगासारखा तीव्र कोनात वर चढतो. एका मिनिटाच्या आत तो १,००० ते १,५०० फूट उंची गाठतो. त्यानंतर सुटलेली तार लहानशा छत्रीच्या आधाराने खाली येते. हवेत गेल्यावर ग्लायडरचा वैमानिक थर्मल म्हणून ओळखले जाणारे उष्ण हवेचे ऊर्ध्वप्रवाह शोधतो आणि त्यात गोल फिरत उंची मिळवतो. उतरताना तो धावपट्टीच्या एका बाजूने, ठरावीक आयताकृती मार्गाने येतो. वैमानिकांच्या भाषेत या मार्गाला सर्किट म्हणतात. पंखांवरील हवाई गतिरोधक उघडून तो उतरण्याचा कोन कमी-जास्त करू शकतो, मात्र उतरणे रद्द करू शकत नाही.

स्कायडायव्हरना घेऊन जाणारे विमान १५ ते २० मिनिटे चढून सुमारे १३,००० ते १४,००० फूट, म्हणजे चार किलोमीटरहून अधिक उंची गाठते. पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाचा अंतिम वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. मुक्त पतनाचा हा टप्पा सुमारे एक मिनिट चालतो. छत्री साधारणपणे ५,००० ते २,५०० फुटांच्या दरम्यान उघडली जाते. अनुभवी प्रशिक्षकाला बांधून मारल्या जाणाऱ्या जोड-उड्यांमध्ये ती या पट्ट्याच्या वरच्या टोकाला उघडतात. आधुनिक आयताकृती छत्री सेकंदाला पाच मीटरच्या आसपास खाली येते आणि त्याच वेळी ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे सरकते. म्हणजे ती निव्वळ खाली पडणारी वस्तू नसून कमी क्षमतेचा एक ग्लायडरच असतो. दरम्यान रिकामे झालेले उडीचे विमान फार वेगाने खाली येते आणि बरेचदा आपल्या प्रवाशांच्या आधी जमिनीवर पोहोचते.

थोडक्यात, व्यग्र दिवशी अशा विमानतळावरील आकाशात किमान पाच प्रकारची हालचाल असते. त्यात चढणारे व उतरणारे उडीचे विमान, ग्लायडर ओढणारे विमान, थर्मलमध्ये फिरणारे ग्लायडर, मुक्त पतनातील माणसे आणि उघडलेल्या छत्र्या येतात.

धोक्याचे स्वरूप

‘पाहा आणि टाळा’ हे दृश्य उड्डाणाचे जुने तत्त्व आहे. प्रत्येक वैमानिकाने डोळे उघडे ठेवून इतरांना टाळावे, असा त्याचा अर्थ. ग्लायडर व मुक्त पतनातील स्कायडायव्हर यांच्या बाबतीत हे तत्त्व जवळजवळ निरुपयोगी ठरते आणि त्याचे कारण साध्या अंकगणितातून स्पष्ट होते. ताशी १९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ मीटर. ग्लायडरच्या एक किलोमीटर वर असलेला स्कायडायव्हर १९ सेकंदांत त्याच्या पातळीवर येतो. एक किलोमीटर अंतरावरून माणसाची पूर्ण उंचीही चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे एक पंचमांश एवढीच दिसते आणि खालून पाहणाऱ्याला तर ती माध्यान्हीच्या सूर्याच्या झळाळीत शोधावी लागते. उलट बाजूने पाहिले तर पडणाऱ्या माणसाला खालचा पांढरा, अरुंद पंखांचा ग्लायडर शेते, रस्ते व ढगांच्या सावल्या यांच्या पार्श्वभूमीवर दिसावा लागतो. त्या १९ सेकंदांत ताशी ९० किलोमीटर वेगाचा ग्लायडर सुमारे ४७५ मीटर पुढे गेलेला असतो. गोल फिरणारा असेल तर तो जवळजवळ एक पूर्ण वर्तुळ करून पुन्हा त्याच जागी आलेला असतो.

दुसरा धोका वाऱ्यातून निर्माण होतो. उडी विमानतळाच्या अगदी माथ्यावर मारली जाते, हा समज चुकीचा आहे. वरच्या थरांत सरासरी ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर एका मिनिटाच्या मुक्त पतनात स्कायडायव्हर सुमारे ६७० मीटर वाहत जातो. छत्री उघडल्यावरही वारा त्याला ढकलत राहतो. म्हणून उडीची जागा वाऱ्याच्या दिशेला पुढे, कधीकधी विमानतळाच्या सीमेबाहेर निवडली जाते. शिवाय सर्वजण एकाच क्षणी बाहेर पडत नाहीत. हवेत एकमेकांवर आदळू नये म्हणून गटागटांत काही सेकंदांचे अंतर ठेवले जाते. आठ गट, प्रत्येकी सात सेकंदांचे अंतर आणि विमानाचा जमिनीच्या संदर्भातील वेग ताशी १३० किलोमीटर असे धरले, तर पहिला व शेवटचा गट यांच्यात पावणेदोन किलोमीटर अंतर पडते. ग्लायडरच्या वैमानिकाने ‘विमानतळाचा माथा टाळा’ एवढीच सूचना लक्षात ठेवली असेल, तर उडीच्या रेषेचे एक टोक नेमके त्याच्या थर्मलवर येऊ शकते. पंखसदृश पोशाख घालून उडी मारणारे तर आडव्या दिशेने कित्येक किलोमीटर जातात. त्यामुळे त्यांचा मार्ग स्वतंत्रपणे ठरवून सर्वांना कळवावा लागतो.

तिसरी अडचण हवामानाची आहे आणि तीच बहुधा सर्वांत कपटी म्हणावी लागेल. स्वच्छ ऊन आणि विखुरलेले कापसासारखे क्युम्युलस ढग हा दोन्ही खेळांचा आवडता दिवस असतो. ग्लायडर अशा ढगांच्या तळाशी जमतात, कारण ऊर्ध्वप्रवाह तेथे असतात. स्कायडायव्हर ढगांमधील मोकळ्या जागा शोधतात. परंतु १३,००० फुटांवरून तिरपे पाहताना ढगाच्या तळाशी फिरणारा ग्लायडर ढगाच्या आडच राहतो. मोकळी दिसणारी जागा वास्तविक मोकळी असेलच असे नाही. दुपार सरते तसे ढग वाढतात, मोकळ्या जागा आक्रसतात आणि दिवसातील शेवटची उडी पूर्ण करण्याचा मोह वाढतो.

विंचची तार हा चौथा धोका होय. चार-पाच मिलिमीटर जाडीची पोलादी किंवा कृत्रिम धाग्याची तार हवेतून दिसत नाही. छत्रीखालच्या माणसासाठी, आणि त्याच्या पातळ दोऱ्या व कापडासाठी, ताणलेली तार म्हणजे अदृश्य पाते असते. त्यामुळे छत्र्या हवेत असताना विंचने ग्लायडर उचलायचा नाही हा नियम अशा ठिकाणी अपवादाविना पाळावा लागतो.

जागेची व वेळेची वाटणी

अशा विमानतळावरील सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आकाशाची आडवी वाटणी. धावपट्टीची एक बाजू ग्लायडरच्या सर्किटसाठी आणि दुसरी बाजू छत्र्या उतरण्यासाठी राखून ठेवली जाते. छत्रीधारकांनी ठरावीक उंचीखाली धावपट्टीची मध्यरेषा ओलांडू नये आणि ग्लायडरने छत्र्यांच्या बाजूला थर्मल शोधू नये, असे बंधन दोघांवर असते. ही वाटणी उपयोगी पडते, कारण एकदा छत्री उघडली की दोघेही दिशा बदलू शकतात आणि दोघांचा वेग एकमेकांना दिसण्याइतका मर्यादित असतो. वाऱ्याची दिशा बदलली की वाटणी जुळवून घ्यावी लागते. उतरण्याच्या जागेच्या वाऱ्याकडील बाजूस झाडे किंवा हँगर असतील, तर त्यांच्या आडोशाला निर्माण होणारी अस्थिर हवा लहान छत्र्यांना धोकादायक ठरते आणि कागदावर सुबक दिसणारी रेषा मैदानावर गैरसोयीची ठरू शकते.

मुक्त पतनाच्या पट्ट्यासाठी आडवी वाटणी पुरत नाही. तेथे वेळेची वाटणी करावी लागते. उडीपूर्वी काही मिनिटे ठरावीक त्रिज्येतील जागा ग्लायडरने रिकामी करायची आणि सर्व छत्र्या उघडल्याची खात्री झाल्यावर परत यायचे, ही सर्वसाधारण पद्धत आहे. ग्लायडरच्या दृष्टीने हा त्याग लहान नसतो. चांगला थर्मल सोडून बाहेर पडलेल्या वैमानिकाला दुसरा ऊर्ध्वप्रवाह मिळेलच याची हमी नसते. तो मिळाला नाही तर त्याला उतरावे लागते आणि त्याच वेळी छत्र्याही उतरत असतात. म्हणूनच चांगल्या कार्यपद्धतीत ग्लायडरला माथ्यावरून हटवण्याचा इशारा पुरेसा आधी दिला जातो, तसेच कमी उंचीवर आलेल्या ग्लायडरला उतरण्याचा अग्रक्रम राखून ठेवला जातो. ग्लायडर सर्किटमध्ये शिरला असेल तर उडीचे विमान आणखी एक फेरी मारते. त्या फेरीला इंधन व पाच-सात मिनिटे लागतात, परंतु सर्व सहभागींपैकी वाट पाहण्याची क्षमता फक्त त्याच्याकडेच असते.

ग्लायडर ओढणाऱ्या विमानालाही या वेळापत्रकात बसवावे लागते. दोराला बांधलेली जोडी सहजासहजी वळू शकत नाही आणि चढण्याच्या काळात तिच्या वैमानिकांचे लक्ष एकमेकांवर खिळलेले असते. उडी जवळ आली असेल तर जोडीने जमिनीवरच थांबणे सोयीचे ठरते.

रेडिओ संपर्क

मनोरा नसलेल्या विमानतळावर सर्वांनी एका समान कंप्रतेवर बोलणे अपेक्षित असते. उडीच्या विमानाचा वैमानिक उडीच्या काही मिनिटे आधी, उडीच्या तोंडावर आणि शेवटचा स्कायडायव्हर बाहेर पडल्यावर घोषणा करतो. त्यात उंची, दिशा आणि उडीची जागा सांगितली जाते. या वैमानिकाला एकाच वेळी हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राच्या कंप्रतेवरही लक्ष ठेवावे लागत असल्याने विमानात दोन रेडिओ असणे इष्ट असते.

प्रत्यक्षात संवाद बहुधा येथेच तुटतो. ग्लायडरच्या वैमानिकांना आपसांत बोलण्यासाठी वेगळी कंप्रता असते आणि ते त्याच कंप्रतेवर राहून गेले, तर उडीची घोषणा त्यांना ऐकू येत नाही. जुन्या ग्लायडरमधील बॅटरीची क्षमता मर्यादित असते. ‘दोन मिनिटांत उडी’ एवढ्याच घोषणेतून उडी धावपट्टीच्या उत्तरेला की दक्षिणेला, हे कळत नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्या वैमानिकाला तर स्थानिक खुणांची नावेही अपरिचित असतात. त्यामुळे जमिनीवरील निरीक्षकाला विशेष महत्त्व प्राप्त होते. ब्रिटनमध्ये उडीच्या मैदानावर रेडिओसह मैदान नियंत्रक नेमलेला असतो. तो आकाश व जमीन पाहून विमानाला उडीची संमती देतो किंवा नाकारतो. खालून वर पाहणाऱ्याला ढगाच्या तळाशी असलेला ग्लायडर दिसतो, जो विमानातून दिसत नाही. दोन्ही क्लबांचे निरीक्षक शेजारी उभे असतील, तर पुष्कळशी गुंतागुंत रेडिओशिवायच सुटते.

कायदेशीर चौकट

अमेरिकेच्या हवाई नियमावलीचा भाग १०५ हा छत्री उड्यांविषयी आहे. हवाई वाहतुकीला किंवा जमिनीवरील माणसे व मालमत्ता यांना धोका निर्माण होत असेल तर उडी मारू नये, आणि वैमानिकाने ती मारू देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. जबाबदारी अशी दोघांवर आहे. मनोरा नसलेल्या विमानतळावर उतरण्यासाठी विमानतळ व्यवस्थापनाची पूर्वसंमती लागते. उडीच्या किमान पाच मिनिटे आधी विमानाने हवाई वाहतूक नियंत्रणाशी रेडिओ संपर्क साधून परिसरातील वाहतुकीची माहिती घ्यावी लागते. ढगांतून उडी मारण्यास मनाई असून ढगांपासून राखायचे अंतर व दृश्यमानता उंचीनुसार ठरवून दिली आहे. १०,००० फुटांच्या वर ढगांपासून आडवे एक मैल अंतर आणि पाच मैल दृश्यमानता आवश्यक असते.

त्याच नियमावलीच्या भाग ९१ मध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या विमानांचा अग्रक्रम दिलेला आहे. संकटातील विमानानंतर फुगा, त्यानंतर ग्लायडर आणि मग इंजिनयुक्त विमाने, असा तो क्रम आहे. छत्रीखालचा माणूस या क्रमात कोठेच नाही, कारण तो विमान मानला जात नाही. त्यामुळे ग्लायडर व छत्री समोरासमोर आल्यास कोणी वळावे, याचे उत्तर त्या क्रमात सापडत नाही आणि ते स्थानिक करारातच लिहून ठेवावे लागते. आणखी एक अडचण ट्रान्सपॉन्डरची आहे. हे उपकरण विमानाची ओळख व उंची नियंत्रकाच्या पडद्यावर दाखवते. अमेरिकेत ग्लायडरना ते बसवण्याच्या सक्तीतून मोठी सूट आहे. ‘परिसरात वाहतूक दिसत नाही’ हे नियंत्रण केंद्राचे उत्तर म्हणूनच ग्लायडर नसल्याचा पुरावा ठरत नाही.

ब्रिटनमध्ये छत्री उड्यांसाठी नागरी उड्डाण प्राधिकरणाची परवानगी लागते आणि त्यासंबंधीचे मार्गदर्शन ‘कॅप ६६०’ या प्रकाशनात दिलेले आहे. उडीची मैदाने तसेच विंच वापरणारी ग्लायडिंगची मैदाने हवाई नकाशांवर दाखवली जातात. तार किती उंचीपर्यंत जाऊ शकते, हेही नकाशावर नोंदवलेले असते.

इलेक्ट्रॉनिक साधने

स्वित्झर्लंडमध्ये २००४ पासून विकसित झालेले फ्लार्म हे उपकरण ग्लायडरमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ते स्वतःचे स्थान व अपेक्षित मार्ग प्रक्षेपित करते आणि जवळच्या दुसऱ्या फ्लार्मशी टक्कर होण्याची शक्यता असल्यास इशारा देते. उडीच्या व ओढणाऱ्या विमानांतही ते बसवल्यास चढ-उतारातील टक्कर टाळण्यास मोठी मदत होते. स्कायडायव्हरच्या अंगावर असे उपकरण सहसा नसते. त्यामुळे पडद्यावर काही दिसत नाही म्हणून माथ्यावरचे आकाश रिकामे आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. उडीच्या वैमानिकाला मात्र खालच्या ग्लायडरची जागा कळणे, ढग असताना, अत्यंत मोलाचे ठरते.

जमिनीवरील व्यवस्था

ग्लायडर उतरताना इंजिनाचा आवाज होत नाही. नुकताच उतरलेला, छत्रीचे कापड हातावर गोळा करून चालणारा स्कायडायव्हर इंजिनाच्या आवाजावर विसंबून धावपट्टी ओलांडू लागला, तर पाठीमागून येणारा ग्लायडर त्याच्या लक्षात येत नाही. उतरलेला ग्लायडर स्वतःहून बाजूला होऊ शकत नाही. त्याला माणसांनी किंवा वाहनाने ढकलत न्यावे लागते आणि तोपर्यंत धावपट्टी अडलेली असते. त्यामुळे धावपट्टी ओलांडण्याच्या जागा ठरवून देणे, छत्र्यांची उतरण्याची जागा हँगरच्या बाजूलाच ठेवणे आणि प्रेक्षकांना कुंपणाआड थांबवणे या साध्या उपायांना मोठे महत्त्व आहे. दिवसाच्या सुरुवातीला दोन्ही गटांची एकत्र बैठक घेऊन वारा, ढग, वापरातील धावपट्टी आणि पाहुणे वैमानिक यांची माहिती दिली जाते.

प्रमुख उदाहरणे

ऑक्सफर्डशायरमधील वेस्टन-ऑन-द-ग्रीन हे पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचे लष्करी गवताळ मैदान आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या छत्री प्रशिक्षणासाठी ते दीर्घकाळ वापरले गेले असून ऑक्सफर्ड ग्लायडिंग क्लबचे विंचवरील उड्डाणही तेथूनच चालत आले आहे. मैदानावरील आकाश ‘डी १२९’ या नावाने धोक्याचे क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. त्यामुळे बाहेरची विमाने दूर राहतात, पण मैदानाच्या आत दोन गटांनी कसे वागायचे हा प्रश्न त्या वर्तुळाने सुटत नाही. तो त्यांनाच सोडवावा लागतो.

फ्रेंच आल्प्समधील गॅप-तालार येथे डोंगरउतारांवरील वाऱ्यामुळे ग्लायडिंग बहरले, तर निरभ्र दिवसांच्या विपुलतेमुळे स्कायडायव्हिंग. २००३ साली छत्री उडीच्या जागतिक स्पर्धा येथे झाल्या. दरीमुळे येथे हालचालीला जागा कमी आहे आणि डोंगरकड्याला धरून उडणारे ग्लायडर ठरावीक मार्गांनीच येतात. ही मर्यादा काही अंशी सोयीची आहे, कारण ग्लायडर कोठे असतील याचा अंदाज बांधता येतो.

कॅलिफोर्नियातील बायरन हा कॉन्ट्रा कोस्टा परगण्याच्या मालकीचा, मनोरा नसलेला सार्वजनिक विमानतळ आहे. त्याला वेगवेगळ्या दिशांच्या दोन धावपट्ट्या आहेत. जवळच्या अल्टामाँट खिंडीतून उन्हाळ्यात दुपारनंतर जोरदार पश्चिमी वारे येतात. त्याच खिंडीत मोठे पवनचक्की क्षेत्र आहे, यावरून वाऱ्याच्या जोराची कल्पना येते. येथे ग्लायडर क्लब, स्कायडायव्हिंग केंद्र आणि खासगी विमाने समान कंप्रतेवर बोलून एकमेकांना सांभाळतात.

संबंधित दुर्घटना

पुढील घटना ग्लायडर व स्कायडायव्हर यांच्या परस्पर टकरीच्या नाहीत. तथापि धोक्याचे वेगवेगळे घटक त्यांतून स्पष्ट होतात. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थहॅम्प्टन येथे मुक्त पतनातील स्कायडायव्हर एका छोट्या विमानाच्या शेपटावर आदळला. विमानातील चौघेही मृत्युमुखी पडले, तर स्कायडायव्हर घोट्याच्या दुखापतीसह वाचला. उडी मारणाराच अधिक असुरक्षित असतो, ही सर्वसाधारण समजूत या घटनेने खोटी ठरवली. ८ मार्च २०१४ रोजी फ्लोरिडात धावपट्टीलगत उतरणाऱ्या छत्रीच्या दोऱ्यांत एका छोट्या विमानाचा पंख अडकला. दोघेही बचावले.

ग्लायडरच्या बाजूने पाहता, २८ ऑगस्ट २००६ रोजी नेवाडा राज्यात एक व्यावसायिक जेट विमान ग्लायडरला धडकले. ग्लायडरमधील ट्रान्सपॉन्डर त्या वेळी बंद होता. ग्लायडरचा वैमानिक स्वतःच्या हवाई छत्रीने खाली उतरला आणि जेट विमानही उतरू शकले. ग्लायडरचे वैमानिक अनेक देशांत नेहमी छत्री बांधूनच उडतात, हे या निमित्ताने नमूद करण्यासारखे आहे. ६ फेब्रुवारी २०१० रोजी कोलोरॅडोमधील बोल्डरजवळ एक विमान ग्लायडर ओढणाऱ्या विमानाला धडकले. त्यात दोन्ही विमानांतील मिळून तीन जण दगावले, तर दोर सोडून दूर गेलेल्या ग्लायडरमधील वैमानिक व दोन प्रवासी सुखरूप उतरले.

भारतातील स्थिती

भारतात हे दोन्ही खेळ बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी चालत आले आहेत. पुण्यातील हडपसर येथे १९५० पासून ग्लायडिंग केंद्र असून ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. तेथे विंचने ग्लायडर उचलले जातात. मैदानाभोवती शहर वाढल्याने छत्र्यांसाठी लागणारी मोकळी जागा तेथे आता उरलेली नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही ग्लायडिंगची सोय आहे. छत्री उडीचे लष्करी प्रशिक्षण आग्रा येथे दिले जाते, तर नागरी स्कायडायव्हिंगची शिबिरे व केंद्रे मध्य प्रदेशातील ढाना आणि हरियाणातील नारनौल येथील धावपट्ट्यांवर चालली आहेत. २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारणाऱ्या पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे या खेळाचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले, मात्र त्यांच्या अनेक गाजलेल्या उड्या परदेशांत झाल्या आहेत.